पहिल्या पाण्याची ओटी

४ डिसेंबर २०२५, गुरुवार

दुरुस्ती. परवाच्या नोंदीत मी लिहिलंय की पन्नासेक वर्षांपूर्वी खडकमाळच्या तळ्यात पहिलं पाणी आलं तेव्हा त्या पाण्याची ओटी आप्पासाहेबांनी भरली. हे चूक आहे. पुरुष ओटी भरत नाहीत.

हेच वाक्य मी आप्पासाहेबांवरच्या पुस्तिकेच्या मजकुरातही घातलं होतं. जेवताना आत्याला वाचून दाखवलं तर ती भाकरी मोडता मोडता थांबली. "पुरुष कधी ओटी भरतो का, ईरा? नारळ फोडेल, गुलाल उधळेल. खणा-नारळाची ओटी बायका भरतात." मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. मला दिलेल्या टिपणात फक्त 'जलपूजन – साहेब' एवढंच होतं. 'जलपूजन' हा शब्द भाषणातला वाटला म्हणून मी 'ओटी' लिहिलं. वाक्य जिवंत व्हावं म्हणून. वाक्य जिवंत झालं आणि खोटं झालं.

परवाची नोंद खोडलेली नाही. चूक खोडायची नाही, खाली दुरुस्ती लिहायची आणि तारीख घालायची, हा आत्याचा नियम. दम्यामुळे मी चौथीपर्यंत शाळेत गेले नाही. आई-बाबा बदलीच्या नोकरीत. विजयाआत्या, बाबांची मोठी बहीण, तिचे यजमान गेल्यापासून इथे पारनेरच्या घरात राहते. स्वतःची शाळा सांभाळून तिने मला शिकवलं. आमच्या घरात खोडरबर नव्हता. ती म्हणायची, खोडलं की आपण चुकलोच नव्हतो असं वाटायला लागतं.

उद्या कार्यालयात सुनील सरांना सांगायला हवं. नोकरीला लागून महिनाच झालाय. एवढ्यात चूक दाखवायची, तीही स्वतःची.

५ डिसेंबर, शुक्रवार

सांगितलं. सुनील सर रागावले नाहीत. ते संस्थेच्या प्रसिद्धी विभागाचे प्रमुख. तालुक्यातल्या निम्म्या शाळा, दूध संघ आणि पतसंस्था आप्पासाहेबांच्या, त्यामुळे 'प्रसिद्धी विभाग' म्हणजे एक खोली असली तरी तिला तीन दारं आहेत. सरांनी खुर्ची मागे रेलली आणि म्हणाले, "बाई पाहिजे का? मग मातोश्री. साहेबांनी नारळ फोडला आणि मातोश्री राहीबाईंनी ओटी भरली. झालं?"

"तसं घडलं होतं का, सर?"

"मॅडम, साहेबांचं गाव, साहेबांचं तळं. त्यांची आई नाही तर काय माझी आई भरणार?"

सगळे हसले, मीही. मला सुटल्यासारखं वाटलं. वाक्य आता बरोबर झालं आहे. घरी येऊन आत्याला वाचून दाखवलं: 'मातोश्री राहीबाईंनी थरथरत्या हातांनी त्या पाण्यात पहिली ओटी सोडली.' तिने पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. मग उठून स्वयंपाकघरात गेली. तिला हळदीकुंकू, ओटी असल्या गोष्टींची आवड नाही. कुणाकडे बोलावणं आलं तरी ती जात नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

पुस्तिका छापायला गेली. नाव 'आमचे आप्पासाहेब'. येत्या २२ फेब्रुवारीला साहेबांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होतात. त्याआधी संस्थेच्या सगळ्या शाळांतली पाचवी ते नववीची मुलं या पुस्तिकेवर 'संस्कार परीक्षा' देणार. प्रश्नपत्रिका आणि आदर्श उत्तरपत्रिका मी काढायची आहे.

मी मजकुरातले सतरा-अठरा 'युगपुरुष' काढले. 'साहेबांच्या पायगुणाने पाऊस पडला' हे काढलं. जन्मतारखेचे दोन वेगळे दिवस होते, ते एक केले. सुनील सरांना वाटेल मी कापाकापी केली, अशी भीती होती. ते खूश झाले. "आधीच्या माणसानं देव करून ठेवला होता. देवावर पोरं विश्वास ठेवत नाहीत. तुमच्यामुळे माणूस झाला. आता खरं वाटतंय."

हे कौतुक मी घरी आणलं आणि आत्याला दाखवलं. ती म्हणाली, "खरं आहे असं म्हणाले, की खरं वाटतंय?"

आत्या कधी कधी फार काथ्याकूट करते. ही सवय माझ्यात कुठून आली ते कळतं.

आणखी एक. परिपाठात प्रतिज्ञेनंतर रोज 'साहेबांचा सुविचार' वाचतात, तो सुनील सर चहा पिता पिता लिहितात. आजचा होता: 'झाड सावली देताना नाव विचारत नाही.' मग बशीत उरलेला चहा ओतून म्हणाले, "चांगला झाला, नाही का? साहेब म्हणालेच असतील कधीतरी."

९ जानेवारी २०२६, शुक्रवार

आज आप्पासाहेब आले. खडकमाळच्या तळ्यावर एक शिल्प बसवायचं ठरलंय. मातोश्री ओटी सोडतायत आणि शेजारी तरुण साहेब नारळ धरून उभे. त्याचं रेखाटन पाहायला ते आले होते. दालनात मातोश्रींचं तैलचित्र आहे. त्यांचा एकही फोटो नव्हता म्हणून चित्रकाराने मनाने काढलंय: हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. शिल्पकाराने चेहरा त्यावरून घेतला.

मला वाटलं होतं ते मोठ्याने बोलत असतील. हळू बोलतात. सरांनी माझी ओळख करून दिली तेव्हा म्हणाले, "बाईंच्या घरातली ना तू? विजयाबाई आमच्या शाळेत होत्या. एक शब्द चुकू द्यायच्या नाहीत." मग रेखाटनापुढे बराच वेळ उभे राहिले. चष्मा काढून पुसला.

"आईच्या हाताला हळद होती," ते म्हणाले. "ओल्या खणाचा वास अजून येतो मला. हात थरथरत होते तिचे."

सुनील सरांचे डोळे भरून आले. खरोखर भरून आले, मी बघितलं.

'थरथरत्या हातांनी' हे शब्द मी ५ डिसेंबरला घातले. त्याआधी ते कुठे नव्हते. पण कदाचित तसं खरंच घडलं असेल आणि मला योगायोगाने सुचलं असेल. असं होऊ शकतं. डोहाळजेवणापासून बारशापर्यंत ओटी भरताना बायकांचे हात थरथरतातच की.

हे लिहून पाहिलं. पटत नाही. पण दुरुस्ती काय लिहायची तेही कळत नाही.

२४ जानेवारी, शनिवार

दोन दिवस उत्तरपत्रिका तपासतेय. मुलं अशी लिहितात की हसू आवरत नाही. 'आप्पासाहेबांचा आवडता छंद कोणता?' उत्तर 'वृक्षारोपण' हवं. एकाने लिहिलंय, 'फोटो काढून घेणे.' मी शेजारच्या टेबलावर वाचून दाखवलं. सुनील सरांनी ऐकलं, पण ते हसले नाहीत. "कोणती शाळा?" म्हणाले. मी म्हटलं, गठ्ठ्यात मिसळला पेपर, सापडत नाही. खोटं बोलले. नोंदवून ठेवते.

मग खडकमाळ शाळेचा गठ्ठा उघडला. प्रश्न सतरा: 'तळ्याच्या पहिल्या पाण्याची ओटी कोणी भरली?' सगळ्यांनी 'मातोश्री राहीबाई' लिहिलंय, एकीला सोडून. सातवीतली दिशा. तिने लिहिलंय: 'माझी आजी झुंबरबाई हिने. पुस्तकात दुसरे नाव आहे पण ते चुकून झाले असेल.'

'चुकून झाले असेल' वाचून माझा हात लाल पेनावरून निघाला. इतक्या सभ्यपणे मला कुणी कधी खोटं ठरवलं नव्हतं. आदर्श उत्तरपत्रिकेप्रमाणे शून्य द्यायला हवं. मी काहीच दिलं नाही आणि पेपर सरांकडे नेला. वाटलं, ते बघतील, चौकशी करतील.

त्यांनी पेपर घेतला, घडी घातली, खिशात ठेवला. "हिची आई शाळेत खिचडी शिजवते. मोनिका," ते म्हणाले. एवढंच.

मी पेपर न्यायलाच नको होता. चौकशीचा अर्थ माझ्या डोक्यात एक होता, त्यांच्या डोक्यात दुसरा.

२८ जानेवारी, बुधवार

खडकमाळला गेले. शिल्पाच्या चौथऱ्याचे फोटो काढायचे होते म्हणून संस्थेची जीप मिळाली. फोटो काढले आणि मग चालकाला म्हटलं, पाणी पिऊन येते. झुंबरबाईंचं घर तळ्याच्या वरच्या अंगाला आहे.

त्या ओट्यावर वाटाण्याच्या शेंगा निवडत बसल्या होत्या. मागे भिंतीवर आप्पासाहेबांचं कॅलेंडर. मी ओळख सांगितली. त्यांनी पाटीतल्या शेंगा माझ्याकडे सरकवल्या, म्हणजे मीही निवडायच्या.

"आजी, तळ्याला पहिलं पाणी आलं तेव्हा ओटी कोणी भरली?"

"मी. का? आता काय झालं तिला?"

"पुस्तकात राहीबाईंनी भरली असं आहे."

त्यांचा हात थांबला. "कोन, राहीवयनी? आप्पाची आई? अगं पोरी, तिचा मालक जाऊन तेरा-चवदा वर्सं झाल्ती तवा. तिला कोन ओटी भरू देतंय?"

मी हातातली शेंग पाटीत ठेवली. 

"दुस्काळाचं काम ते," त्या सांगू लागल्या. "आमी बायांनीच केलं निम्मं-अर्धं. पुढल्या पावसाळ्यात पानी आलं. बाया म्हनल्या, झुंबर पहिल्या दिसापासनं हाय, तीच भरंल. मी नवी नवरी, लई मिरवले. राहीवयनीबी आली हुती. काम तिनं माझ्यापरीस जास्त केलं, खडी फोडून हाताची सालं गेल्ती तिच्या. पर ओटीच्या टायमाला आमी म्हनलो, वयनी, तुमी जरा लांब रहा. तसंच हुतं तवा. ती बांधावर जाऊन हुबी राह्यली. पदर असा त्वांडावर."

"आणि आप्पासाहेब?"

"त्यो नगरला, शिकाया. दिवाळीला आला आन् तळ्यात पोहाया पडला. बुडत हुता. आमच्या मालकानं केसाला धरून भाईर काढला. ते न्हाई का छापलं?"

मी हसले. त्याही हसल्या, तोंडात दोनच दात. मग मी म्हटलं की हे मी बदलून घेईन, तुमचं नाव घालायला लावीन. त्यांनी मान हलवली.

"तळं घिऊ दे त्याला. माझा ल्योक त्याच्या बोर्डिंगात शिकला, एक पैका घेतला न्हाई त्यानं. तळं काय उचलून नेतोय का. माझं नाव नसलं तर नसू दे, मला काय त्याचं लोनचं घालायचंय." मग पाटीतल्या शेंगा उगाच खालीवर केल्या. "पर राहीवयनीचं असं करू नये. ती लांब हुबी राह्यली ती राह्यली. तेवढंच तिचं हुतं. तेबी काढून घ्यायचं का?"

जीपचा हॉर्न वाजला. उठताना त्यांनी माझ्या ओंजळीत वाटाणे घातले.

२९ जानेवारी, गुरुवार

पुस्तिकेचं पान तीन: 'साहेब अवघे आठ वर्षांचे असताना पितृछत्र हरपले.' हे पान मी स्वतः तपासलं होतं. वर्ष बरोबर आहे का, 'पितृछत्र' बरोबर आहे का, सगळं पाहिलं. पान अकरावर त्याच आईच्या हातात मी ओटी दिली आणि मला काही खटकलं नाही. भिंतीवर कुंकू लावलेलं चित्र होतं ना. त्या चित्राला कुंकू का, तर आईच्या चित्राला कुंकू असतंच म्हणून. तीस शाळांतल्या हजारो मुलांना, त्यांच्या गुरुजींना, घरी पुस्तिका वाचणाऱ्या आज्यांना, कुणालाच खटकलं नाही. किंवा खटकलं आणि त्या गप्प राहिल्या.

हे लिहिताना समजलं की एक जण माझ्यासमोरच उठून स्वयंपाकघरात गेली होती.

संध्याकाळी आत्याला विचारलं, तू तेव्हाच का नाही सांगितलंस? ती निरांजनाची वात वळत होती. म्हणाली, "तू मला बरोबर की चूक, हे विचारलंस का? वाचून दाखवलंस फक्त. आणि मला वाटलं, असेल त्यांच्यात तशी पद्धत. कुणाच्यात तरी असेल. असं वाटायला मला बरं वाटलं, ईरा."

अठरा वर्षं मी समजत होते की तिला हळदीकुंकवाची आवड नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

राग आवरून लिहायचा प्रयत्न करते आहे. अक्षर बघता जमत नाहीये.

सकाळी सुनील सरांपुढे पान तीन आणि पान अकरा शेजारी शेजारी ठेवली. म्हटलं, हे दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. सर वाचत राहिले. मला वाटलं, आता त्यांचा चेहरा उतरेल. त्यांनी टेबलावर थाप मारली.

"मॅडम, तुम्ही हिरा आहात. हे आमच्या लक्षातच आलं नाही. विधवा मातेला ओटीचा मान. त्या काळात. आणि कुणी दिला? बावीस वर्षांच्या पोरानं. रूढीला लाथ मारून. असा दुसरा नेता दाखवा मला जिल्ह्यात."

"सर, झालं ते उलट आहे. त्यांना लांब उभं केलं होतं. ओटी झुंबरबाईंनी भरली. साहेब तर गावातही नव्हते."

"मग व्हायला पाहिजे होतं की नाही तसं? तुम्ही शिकलेल्या, बाईमाणूस. विधवेला मान मिळाला तर तुम्हाला नको आहे का?"

मी पानं उचलली. उत्तर आत्ता सुचतंय. मान हवा असेल तर ज्यांनी तो नाकारला त्यांचं नाव आधी घ्यावं लागेल. जिला नाकारला तिला बांधावर उभी दाखवावी लागेल. त्याऐवजी तिच्या हातात खण द्यायचा, तिच्या कपाळाला कुंकू लावायचं, आणि सगळं श्रेय, तिच्या अपमानाचंही, मुलाच्या खात्यावर.

दुपारपर्यंत पुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीचा मजकूर तयार झाला. 'पुरोगामी आप्पासाहेब' असं नवं प्रकरण. आणि २२ तारखेला शिल्पाच्या अनावरणाआधी एका विधवा भगिनीच्या हस्ते तळ्याची ओटी. सर म्हणाले, "तुमच्या आत्या. निवृत्त शिक्षिका, शांत चेहरा. फोटोत शोभतील. विचारा घरी."

लहानपणी आत्याने मला सांगितलं होतं की दूरच्या देशांत हुकूमशहा असत, त्यांचे चौकाचौकात पुतळे, मुलांच्या वाचनमालेत त्यांच्या बालपणीच्या गोष्टी, आणि नको झालेली माणसं फोटोतून पुसून टाकलेली. मला तेव्हा एकच प्रश्न पडला होता, की पुसणारा माणूस घरी जाऊन काय सांगत असेल. मी कल्पना करायची की त्याच्या मागे बंदूक धरून कोणीतरी उभं असेल. माझ्या मागे कोणी उभं नाही. खोटं लिही, असं मला आजवर कुणी एकदाही म्हणालं नाही. खोटं आधीच होतं, ढोबळ, हास्यास्पद, कुणी विश्वास ठेवला नसता असं. मी त्यातल्या चुका काढत गेले. पुरुषाची ओटी काढली तर आई आली. आईचं वैधव्य दाखवलं तर समाजसुधारक आला. अजून एक चूक काढली तर काय येईल, देव जाणे.

४ फेब्रुवारी, बुधवार

आत्याला निमंत्रण सांगायचंच नाही असं ठरवलं होतं. पण सुनील सरांनी परस्पर फोन केला.

मी घरी आले तेव्हा ती ओसरीवर बसली होती. मी म्हटलं, नाही म्हणून सांग. ती म्हणाली, "कोणता खण देणार आहेत, विचारलंस का?" मला वाटलं ती टोमणा मारतेय. पण तिने पुन्हा विचारलं. "हिरवा की जांभळा?" 

५ फेब्रुवारी, गुरुवार

आत्याने सकाळी पूजा झाल्यावर सरांना फोन केला. मी ऐकत होते. "सुनील, तू माझा विद्यार्थी. म्हणून सरळ सांगते. मला ओटी भरायची असेल तर मी भरीन, मला आता कुणाच्या परवानगीची गरज नाही. पण त्या बाईला खोटी सवाष्ण करून, तिच्या नावाने नाही." पलीकडून तो काहीतरी बराच वेळ बोलला. "हो," आत्या म्हणाली, "तुझं शुद्धलेखन तेव्हाही चांगलं होतं."

११ फेब्रुवारी, बुधवार

खडकमाळ शाळेत मुलं दिशाच्या बाजूने बोलायला लागली आहेत. 'ओटी दिशाच्या आजीने भरली' असं कुणी फळ्यावर लिहिलं. म्हणून ठरलंय: येत्या सोमवारी परिपाठात, सुविचार झाल्यावर, दिशाने सगळ्यांसमोर वाचायचं, 'प्रश्न सतराचे माझे उत्तर चुकीचे होते. मी दिलगीर आहे.' मी तिथे जाऊन फोटो काढायचा. संस्थेच्या ग्रुपवर टाकायला. सुनील सरांनी हे कामांच्या यादीत वाचावं तसं सांगितलं, झेंडूच्या माळा आणि खुर्च्यांच्या मधे.

बारा वर्षांची मुलगी. तिने माझ्या चुकीला सभ्यपणे 'चुकून झाले असेल' म्हटलं, आणि त्याबद्दल तिने माफी मागायची.

संध्याकाळी एसटी स्टँडवर मोनिकाताई भेटल्या, मुद्दाम थांबल्या होत्या. "मॅडम, तुमी आमच्या घरी आल्त्या ते समद्यांना कळलंय. आता काही करू नका. दोन वाक्यं हायत. म्हनंल पोरगी."

"दिशा काय म्हणते?"

"तिचं काय ऐकता. ती म्हनती, आजी तर खरीच हाय, मग तिला चूक कसं म्हनू. काल धरनं जेवली न्हाई." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "आजी तिला म्हनली, म्हन गं, माझं काय झिजतंय. तर आजीशीबी बोलंना झाली. माझं खिचडीचं काम गेलं तर आमी काय तळ्याचं पानी प्यायचं का?"

मी मान हलवली. त्या निघून गेल्या.

१४ फेब्रुवारी, शनिवार

तीन दिवस हेच घोळवते आहे: मला हक्क आहे का? झुंबरबाईंना नाव नको आहे. मोनिकाताईंना शांतता हवी आहे. मी माझा राग त्यांच्या चुलीवर शिजवला तर मी सुनील सरांहून वेगळी कशी? तेही दुसऱ्या बायकांचं भलंच करत होते.

आज दुपारी उत्तर मिळालं आणि ते इतकं साधं होतं की लाज वाटली. मी दिशाचं उत्तर बरोबर ठरवायला जायचंच नाहीये. प्रश्न सतरा मी काढला. आदर्श उत्तर मी लिहिलं. चूक माझी आहे. ती खोडायची नाही, खाली दुरुस्ती लिहायची आणि तारीख घालायची. यात दिशाने काही करायचं नाही, तिच्या आजीनेही नाही.

बुधवारी मी मोनिकाताईंपुढे मान हलवली ती त्यांनी होकार समजली. तसं राहू देणं बरोबर नाही, म्हणून फोन करून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मागे भांड्यांचा आवाज येत होता. मग म्हणाल्या, "चूक तुमची हाय म्हनल्यावर तुमी बोला. पोरीचं नाव घिऊ नका." आणि थोड्या वेळाने, "तिच्या आधी बोला."

मजकूर लिहून काढला. पाठ करणार आहे, कारण दम लागला की कागद हलतो:

'संस्कार परीक्षेतल्या प्रश्न सतराचं आदर्श उत्तर चूक आहे. ते मी लिहिलं. ओटी राहीबाईंनी भरली नाही. त्यांनी या तळ्यासाठी खडी फोडली, पण त्या विधवा होत्या म्हणून त्यांना ओटीपासून लांब उभं केलं गेलं. आप्पासाहेब त्या दिवशी गावात नव्हते. मी न विचारता लिहिलं. ज्यांचं उत्तर वेगळं होतं त्यांना पूर्ण गुण आहेत.'

झुंबरबाईंचं नाव घातलेलं नाही. त्यांना नको होतं. मुलांना ते ठाऊक आहेच.

नोकरी जाईल. हे वाक्य लिहून बघितलं, छातीत घरघर झाली, पंप घेतला, आता वाक्य तसंच आहे. सुनील सर यातूनही काही काढतील का? 'चूक मान्य करणारी संस्था', 'सत्यप्रिय आप्पासाहेब'? काढू शकतात. मी फार विचार केला तर त्यांच्या आधी मीच काढीन. पण शाळेतली सगळी पोरं तिथे ओळीत उभी असतील, आणि छापलेलं उत्तर चुकू शकतं हे त्यांनी छापणारीच्या तोंडून ऐकलेलं असेल. ते परत घेता येत नाही.

आत्याला सांगितलं. ती म्हणाली, मीही येते. मी म्हटलं, शाळेत तुला कशाला त्रास. तिने ऐकलं नाही. मघाशी पाहिलं तर तिने कापडी पिशवी भरून ठेवली आहे: डबा, पाण्याची बाटली, एक नारळ, पुडीत तांदूळ आणि नवा जांभळा खण. हे कशाला, विचारलं, तर म्हणाली, "तळं वाटेतच आहे ना?" आणि पिशवीचे बंद घट्ट बांधले.

खडकमाळची पहिली एसटी साडेसहाला आहे. परिपाठ त्यानंतर. सोमवार, १६ फेब्रुवारी २०२६.